जादाचा विमा

सकपाळकाका गाडी चालवतात तेव्हा वाटेतल्या प्रत्येक एसटी थांब्यावर थांबतात. आत बसलेल्यांपैकी कुणाला उतरायचं असो वा नसो, काका डावा सिग्नल देतात, गाडी बाजूला घेतात, शेडमध्ये कुणी उभं आहे का ते वाकून बघतात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि उजवा सिग्नल देऊन निघतात. शेडमध्ये नुसतं कुत्रं झोपलेलं असलं तरी यात फरक पडत नाही. महाड ते पोलादपूर हा रस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झालाय की लोक बोलता बोलता पोचतात. काकांबरोबर गेलात तर बोलायचे विषय संपतात आणि पोलादपूर यायचं बाकी असतं.

काका आमचे शेजारी. महाडला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या एका हाताला आम्ही, दुसऱ्या हाताला ते. नोकरी सगळी एसटीत गेली, कंट्रोलर म्हणून. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. हजारो माणसं त्यांनी गावोगाव रवाना केली, पण स्वतः स्टिअरिंगला हात लावला तो निवृत्त झाल्यावर. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत पहिल्या दिवशी बसल्यावर त्यांनी क्लच दाबायच्या आधी घसा खाकरला आणि "प्रवाशांनी नोंद घ्यावी" असं म्हटलं, हे त्यांना शिकवणारा माणूस अजून सांगतो.

हे वाक्य अजून त्यांच्या तोंडी आहे. इमारतीत पाणी येणार नसलं की काका जिन्यात उभे राहतात आणि खालपासून वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "रहिवाशांनी नोंद घ्यावी. सकाळचं पाणी रद्द करण्यात आलेलं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." माझी बायको वंदना एकदा त्यांना विचारायला गेली की भाजी आणायची आहे का, तर म्हणाले, "भाजी वेळेवर सुटलेली आहे, वहिनी." म्हणजे ते आधीच जाऊन आले होते. काकांच्या दोन मराठी आहेत, एक माइकची आणि एक घरची. माइकच्या मराठीत 'आहे' असतं आणि घरच्या मराठीत 'हाय'. कुठली कधी लागेल ते सांगता येत नाही.

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, ती फोन करते, दिवाळीला फराळ पाठवते. घरात काका एकटेच. महिन्यातून एकदा ते भाड्याने गाडी घेतात, कशेडीच्या पायथ्यापर्यंत जातात आणि परत येतात. तिकडे त्यांचं कुणी नाही, काम नाही. वाटेत ज्याला बसायचं असेल त्याला बसवतात आणि एक पैसा घेत नाहीत. "स्वतःची का घेत नाही गाडी?" असं मी एकदा विचारलं होतं. "उभी गाडी मला बगवत नाय गुरुजी," असं म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मी गुरुजी.

आता माझी अडचण सांगतो, म्हणजे हा माणूस मला का जवळचा वाटतो ते कळेल. माझी आई पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका कच्च्या वाटेवर आमच्या वाडीत राहते. कितीही सांगा, महाडला यायला तयार नाही. तिचा डावा डोळा हेळसांडीत कायमचा गेला. उजव्यातला मोतीबिंदू पुरता पिकला होता. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर आत दाब वाढेल आणि हाही जाईल. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरून महाडला येतात ते फक्त शनिवारी. दोनदा दिवस ठरवला आणि दोनदा आईने तो घालवला.

पहिल्यांदा जीपने निघाली. आईला गाडी लागते, आणि अशी लागते की कापडे गावाला पोचेपर्यंत तिच्यात काही उरलं नाही. तिथे उतरली आणि उलट दिशेने चालू लागली. दुसऱ्यांदा शाळेतल्या एका मित्राची मोटार आणली. पण त्याच गणपतीत वाडीतल्या कुणाच्या तरी पुतण्याने मुंबईहून भाड्याची गाडी आणली होती, आमच्या वाटेवरच्या करवंदीच्या जाळीने तिला ओरखडे काढले आणि गाडीवाल्याने त्याची सगळी अनामत ठेवून घेतली. ही कथा वाडीत अजून ताजी होती. आईने मित्राच्या गाडीवरून हात फिरवला, ती गुळगुळीत आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, "माझ्या एका डोळ्यापायी तुझ्या पदराला खार नको. मी नाय यायची." आम्ही दोघं रिकामी गाडी घेऊन परत आलो.

म्हणजे मला अशी गाडी हवी होती जी आईला लागणार नाही आणि जिला ओरखडा पडला तरी मला भुर्दंड पडणार नाही. मी स्वतः चालवायचा प्रश्न नव्हता. घाट, खिंडी, नद्यांचे उगम मी फळ्यावर झरझर काढतो, पण घाटात स्टिअरिंग धरायचं म्हटलं की माझ्या तळहाताला घाम फुटतो. हे सगळं मी जिन्यात उभा राहून काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "शुक्रवारी सकाळी महाडहून वाडीकडे जाणारी गाडी लागलेली आहे."

हायवेच्या कडेला निलेश नावाच्या मुलाने गाड्या भाड्याने द्यायचं दुकान काढलंय. मुंबईत बरीच वर्षं काढून तो परत आला, तेव्हा येताना तिथली भाषाही घेऊन आला. "सर, टेन्शन नका घेऊ, सगळं क्लिअर करतो," असं म्हणून त्याने मला समजावलं. गाडीचा विमा असतोच. पण नुकसान झालं तर एका ठरावीक रकमेपर्यंतचं आपण भरायचं, त्याच्या वरचं विमा भरतो. आपल्या वाट्याच्या या रकमेला म्हणतात एक्सेस. दिवसाला थोडे पैसे जादा दिले की तो वाटाही आपल्यावर येत नाही. त्याला म्हणतात एक्सेस कव्हर, आणि त्यात तीन प्रकार, छोटा, मधला आणि मोठा.

छोट्यात फक्त दुसऱ्या गाडीची धडक बसत होती. मधल्यात ओरखडे, पोचे, काचा बसत होत्या, पण टायर आणि गाडीचं पोट बसत नव्हतं. मोठ्यात सगळं बसत होतं, पण त्याचा आकडा ऐकून मला वाटलं, यापेक्षा डॉक्टरांनाच वाडीत न्यावं. मी शंका विचारायला सुरुवात केली. करवंदीची जाळी चालते का? चालते. बांबू? चालतो. गुराने शिंग मारलं तर? निलेशने मोबाइलवर बघून सांगितलं, चालतं. वरून फणस पडला तर? दिवाळी होऊन गेली होती, फणसाचा हंगामही नव्हता, पण माणूस घाबरला की हंगाम बघत नाही. निलेश म्हणाला, "सर, फणसाचं आजपर्यंत कोणी विचारलं नाय."

काका एवढा वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मधला घ्या. जादा बसतो ना त्यात?"

"एक्सेस ना काका? फुल बसतो," निलेश म्हणाला.

"मग झालं तर. पोटाचं मी बगतो, सावकाश नेतो."

इतक्या सरळ आणि स्वस्त उत्तराने माझं डोकं हलकं झालं. मधला विमा परवडणारा होता, आणि पोटाला दगड लागेल इतक्या वेगाने काका कधी गेलेच नव्हते. मला वाटलं, काय जाण आहे या माणसाला.

शुक्रवारी सकाळी निघालो. नांगलवाडी फाट्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली. तिथे तांदळाचं बोचकं घेऊन एक बाई उभी होती, तिला लोहाऱ्याला जायचं होतं. काकांनी खाली उतरून बोचकं डिकीत ठेवलं, बाईंना मागे बसवलं आणि समाधानाने माझ्याकडे बघितलं. "बगा गुरुजी, एक्सेस कामाला आला."

"तो कसा?"

"ह्या ताई कोन? जादा. उद्या काय झालं तर ह्यांचं कोन बगनार? म्हनून मी दर वेळी जादाचा विमा घेतो. निलेशला इचारा. एक बी फेरी बिनजादाची नाय."

मी सावकाश वळून त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं हा माणूस दर महिन्याला, वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवासाठी म्हणून, ओरखड्यांचा विमा काढत होता. मी त्यांना समजावलं की काका, एक्सेस म्हणजे जादा माणूस नव्हे, नुकसानीतला आपला वाटा. मागच्या बाईसुद्धा कान देऊन ऐकत होत्या. काकांनी लोहाऱ्याच्या थांब्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, मी नोकरीभर लोकांना एक्सेस लगेज लावलं. बोचकं जादा झालं की एक्सेस. तुमी भूगोल बगा, एक्सेस माझ्याकडं ऱ्हावू द्या."

बाई उतरल्या आणि जाताना काकांना म्हणाल्या, "बराबर हाय तुमचं." त्यामुळे विषय मिटला.

वाडीत पोचलो तेव्हा आई ओटीवर बसली होती, पाठ आमच्याकडे करून. म्हणजे उत्तर तयार होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सुरेश, उगाच आलास. वाटेत दोन्ही बाजूंनी जाळ्या हायत. मगाशी इतक्या लांबनं मला गाडीचा आवाज आला, भाड्याची हाय ना?"

"आई, विमा काढलाय मी. ओरखडा पडला तरी आपल्याला काही भरायला लागणार नाही."

"सगळे असंच म्हनतात. मग अनामत ठेवून घेतात."

मी निलेशकडून शिकलेलं सगळं तिला सांगू लागलो, आपला वाटा, त्यांचा वाटा, छोटा, मधला. मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं. उजव्या डोळ्यावरचा पांढरा पडदा ओटीवरच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. हा शनिवार गेला की डोळा गेला, हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. तरी ती मान हलवत होती. मला रडायला येईल की काय असं वाटलं.

तेवढ्यात काका पुढे झाले आणि ओटीच्या खालच्या पायरीवर बसले. "वयनी, मी सकपाळ. सुरेश गुरुजींचा शेजारी. तुमाला यायचं नसंल तर नका येऊ. पन एक सांगतो. ह्या गाडीत एका जादा मानसाचा विमा भरलेला हाय."

"कोन जादा मानूस?"

"तुमीच की. मी आनि गुरुजी जाऊन येऊन दोघं. तिसरा जादा. तुमच्या जिवाचा विमा सकाळीच भरला, त्याला पैसं पडलं."

आई पहिल्यांदाच वळली. "माझ्या जिवाचा?"

"हां."

"आनि मी नाय बसले तर?"

"तर फुकट. सांजच्याला संपतोय तो."

ज्या बाईने पिळलेल्या लिंबाच्या सालीसुद्धा त्यांनी तांब्या घासल्याशिवाय कधी परसात टाकल्या नाहीत, तिला हे सहन होणारं नव्हतं. मी तोंड उघडणार होतो, पण काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भूगोलाकडे वळलो, म्हणजे समोरचे डोंगर बघू लागलो. मग आई उठली, दाराआड चाचपडली आणि भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी कधीची भरून ठेवलेली होती, ते तिलाच ठाऊक. "भरलंय तर बसते," असं म्हणाली.

वाडीच्या वाटेवर पहिल्याच वळणाला कर्रर्र असा आवाज आला. जाळीने आपलं काम केलं होतं. मागून आई म्हणाली, "काय घासलं ते?"

काकांनी आरशात बघितलं आणि अस्सल माइकच्या मराठीत सांगितलं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. गाडी वेळेवर आहे."

आई हसली. तिला हसताना मी पुष्कळ दिवसांनी बघत होतो.

पुढचा रस्ता तर मला नकाशात काढून दाखवावासा वाटतो. घाटातल्या प्रत्येक थांब्यावर काका थांबले. डावा सिग्नल, शेड, पुटपुट, उजवा सिग्नल. प्रत्येक वेळी आई काच खाली करून वारा घेत होती आणि आवळासुपारीचा एक तुकडा तोंडात टाकत होती. कापडे गाव आलं, गेलं. पोलादपूर आलं. तिला एकदाही मळमळलं नाही. "ही गाडी चांगली हाय," ती म्हणाली, "थांबती तरी." ज्या थांबण्यावर आमची सगळी इमारत हसते, त्या थांबण्यानेच माझ्या आईला महाडला आणलं. पोलादपूरच्या स्टँडसमोर काकांनी एका म्हाताऱ्याला बसवलं. आईने सरकून त्याला जागा दिली आणि विचारलं, "तुमचा पन विमा हाय का?" म्हातारा गोंधळला. "हाय, हाय," काकाच म्हणाले.

संध्याकाळी गाडी परत द्यायला गेलो. निलेशने उजव्या दरवाजावरचा ओरखडा बघितला, त्याचे फोटो काढले आणि म्हणाला, "काय टेन्शन नाय सर. एक्सेस कव्हर होतं म्हणून वाचलात."

"बगा," काका मला म्हणाले, "जादा मानूस बसला म्हनून वाचलो."

"करेक्ट काका," निलेश म्हणाला.

दोघांचं एकमत झालं. मी मध्ये पडलो नाही. घरी येताना जिन्यात मी काकांचा हात धरला आणि म्हटलं, तुमचे उपकार मी फेडू शकणार नाही. काका म्हणाले, "दमला असाल. जेवा." आणि कुलूप उघडून आत गेले.

शनिवारी ऑपरेशन झालं. रविवारी सकाळी दवाखान्यात आईच्या डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिने बरोबर सांगितली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केस पिकले रे तुझे." वंदनाने तोंड दुसरीकडे फिरवलं. मीही फिरवलं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, शिवणटिपण करायचं नाही. आई म्हणाली, "बरं." काळा चष्मा लावून आम्ही तिला घरी आणलं.

दुपारी काका चौकशीला आले. दारात उभे राहून म्हणाले, "कसं हाय वयनी? दिसतंय?" मी त्यांना खुर्ची दिली. आईने त्यांचा आवाज ओळखला, पण माणूस पहिल्यांदाच बघत होती. तिने काळा चष्मा थोडा खाली केला, त्यांच्याकडे निरखून बघितलं, आणि बघतच राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या खिशाला काळ्या दोऱ्यानं टाके कुनी घातलेत?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. काकांचा शर्ट पांढरा होता. खिशाची एक बाजू उसवली होती आणि ती काळ्या दोऱ्याने, मोठमोठ्या, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेली होती. दुसरं बटणही तसंच काळ्या दोऱ्याचं. हा माणूस रोज आमच्या दारावरून जातो. मला ते कधी दिसलं नव्हतं आणि वंदनालाही नाही.

काकांनी खिशावर हात ठेवला. "मीच. पांढरा दोरा सुईत ओवताना दिसत नाय. काळा दिसतो."

"गाडी चालवता आनि दोरा दिसत नाय?"

"लांबचं चांगलं दिसतं वयनी. जवळचं नाय दिसत."

"मग शेजारी द्यायचा की."

"एवढ्याशासाठी कुनाला सांगायचं," काका म्हणाले, आणि उगाच खिडकीतून बाहेर बघू लागले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण आपल्यासाठी काही मागायची वेळ आली की हा माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मला फार वाईट वाटलं.

"काढा शर्ट," आई म्हणाली.

"अहो, राहू द्या..."

"काढा. मला डॉक्टरनं शिवायला बंदी केलीय, बगायला नाय केली. वंदना, पांढरं रीळ घे गो."

काकांनी शर्ट काढून दिला आणि गंजीफ्रॉकमध्ये खुर्चीच्या कडेवर ताठ बसले. वंदनाने काळे टाके उसवले आणि पांढऱ्या दोऱ्याने खिसा शिवायला घेतला. आई शेजारी बसून टाका न् टाका बघत होती, "बारीक घाल, आनखी बारीक," असं म्हणत होती. दोरा तोडून वंदनाने बटण लावलं, शर्ट झटकला, घडी केली आणि काकांच्या हातात दिला. काकांनी खिशावरून बोट फिरवलं. टाके कुठे आहेत ते त्यांना सापडत नव्हतं.

मग शर्ट न घालताच, आईकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "घरी आनखी दोन हायत."

"मग घेऊन या की," आई म्हणाली.

काका उठले आणि शर्ट आणायला गेले.